मदत हवी आहे : ऊसतोडीच्या हंगामात आपल्याकडे येणाऱ्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास कसा आखावा?

नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यात आरोग्य सहायिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले आहे. पलूस आणि वाळवा तालुक्यांतील काही निवृत्त परिचारिका, बचत गटांच्या कार्यकर्त्या आणि महाविद्यालयात शिकवणारी काही मंडळी असा आमचा छोटा गट असून, पुढच्या गाळप हंगामात ऊसतोडीसाठी येणाऱ्या गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांचा अभ्यास करावा, असे आम्ही ठरवले आहे. अभ्यास कपाटात पडून राहू नये, त्यातून जिल्हा प्रशासनापुढे मोजक्या मागण्या पुराव्यानिशी ठेवता याव्यात, अशी आमची इच्छा आहे. आखणी करताना मात्र आम्ही काही ठिकाणी अडलो आहोत.

प्रथम पार्श्वभूमी सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगभरात सुमारे २ लाख ६० हजार स्त्रिया गरोदरपण आणि बाळंतपणाशी संबंधित कारणांनी मरण पावल्या. दर एक लाख जिवंत जन्मांमागे हे प्रमाण १९७ पडते, आणि ते २०३० पर्यंत ७०च्या खाली आणण्याचे उद्दिष्ट आहे. आपल्या नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१८-२०च्या आकडेवारीत भारताचे प्रमाण ९७ आणि महाराष्ट्राचे ३३ आहे. राज्याने ते उद्दिष्ट केव्हाच गाठले आहे, त्यामुळे बैठकीत विषय काढला की "हा प्रश्न आपल्याकडचा राहिलेला नाही" असे ऐकावे लागते. वस्तुतः ही नोंदणी निवडलेल्या गावांतील आणि वस्त्यांतील नेहमीच्या रहिवाशांची असते, आणि मातामृत्यूचे प्रमाण तिच्यातून राज्यापुरते निघते, जिल्ह्यापुरते निघत नाही. कारखान्याच्या माळावर पाच-सहा महिन्यांसाठी कोप्या घालून राहणारी बाई तिथली रहिवासी नसते, आणि तिच्या स्वतःच्या गावाला त्या काळात कुलूप असते.

बीड, अहिल्यानगर आणि आपल्याच जत-आटपाडीकडून येणाऱ्या या टोळ्यांत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, दोघांच्या नावावर घेतलेली असते आणि खाडा पडला की पैसे कापले जातात. प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली होणारी तपासणी मोफत असली, तरी त्या दिवशी फडावर न गेल्याची किंमत त्या जोडप्याला मोजावी लागते. गावातील आशाकडे जी यादी असते ती तिच्या गावच्या कुटुंबांची. कोप्यांतील स्त्रिया त्या यादीत आपोआप येत नाहीत. एखादी आशा स्वतःहून तिकडे जाते, आणि अशा आशा मी पुष्कळ पाहिल्या आहेत, परंतु व्यवस्था अशा चांगुलपणावर चालू नये.

मातामृत्यूंच्या अभ्यासात 'तीन विलंब' ही मांडणी १९९४पासून वापरली जाते : उपचार घ्यायचा निर्णय होण्यास लागलेला वेळ, दवाखान्यापर्यंत पोहोचण्यास लागलेला वेळ आणि तिथे पोहोचल्यावर योग्य उपचार सुरू होण्यास लागलेला वेळ. ऊसतोडीत पहिला विलंब घरात होत नाही, तो मुकादम, उचल आणि खाडा यांच्या हिशेबात होतो, असा माझा अनुभव आहे. दुसऱ्या विलंबाचे म्हणाल, तर १०८ क्रमांकाला फोन लावूनही परक्या मुलखातील बाईला आपण कोणत्या शिवारात आहोत हे सांगता येत नाही.

संशोधनातून व्यवहार बदलतो, यावर माझा विश्वास बसण्याचे कारण आपल्या शेजारीच घडलेले आहे. बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात १६२० स्त्रियांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, एएनएमनी, म्हणजे उपकेंद्रांतील परिचारिकांनी, बाळंतपणानंतर लगेच गर्भाशय आकुंचित करणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तोंडावाटे दिल्यावर अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. रक्त अंदाजाने न सांगता मोजून सांगता यावे, यासाठी त्या चाचणीत खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी स्त्रीच्या अंगाखाली ठेवण्यात आली होती. आम्ही मात्र पुढेही कित्येक वर्षे "दोन कापडं भिजली" असे लिहीत होतो. तशाच खुणांच्या पिशवीने रक्तस्राव लवकर ओळखून सर्व उपचार एकदम सुरू करण्याची पद्धत केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातील रुग्णालयांत 'ई-मोटिव्ह' या नावाने तपासली गेली. तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले : तीव्र रक्तस्राव, त्यासाठी करावी लागणारी पोटाची शस्त्रक्रिया आणि रक्तस्रावाने होणारा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटले.

आता माझे प्रश्न.

पहिला आणि मुख्य प्रश्न मोजायचे काय, हा आहे. वर्षाला चार हजार जन्म होणारा तालुका धरला, तर ३३च्या प्रमाणाने तिथे वर्षाकाठी एखादा किंवा दोन मृत्यू अपेक्षित आहेत. त्यावरून काहीही सिद्ध करता येणार नाही. म्हणून मरणाच्या दारातून परत आलेल्या स्त्रियांचा, म्हणजे ज्याला 'निअर मिस' म्हणतात त्याचा, अभ्यास करावा का? त्याचे निकष आमच्यासारख्यांना वापरता येतील का?

दुसरा प्रश्न छेदाचा, म्हणजे ज्या एकूण संख्येशी प्रमाण काढायचे तिचा, आहे. हंगामात या भागात एकूण किती गरोदर स्त्रिया येतात, हे कोणालाच माहीत नाही. कारखान्याच्या दफ्तरी कोयते, बैलगाड्या आणि ट्रॅक्टर मोजलेले असतात. त्यांत गरोदर किती, हा रकाना नसतो.

तिसरा, मुकादमाच्या देखत विचारलेल्या प्रश्नाला मिळालेली संमती ही संमती मानावी का? आणि शेवटचा, निष्कर्ष कोणापुढे न्यावेत : जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हाधिकारी, साखर आयुक्त की ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ?

प्रतिसाद : स्त्रीरोगतज्ज्ञ, मिरज

ताई, निअर मिसची निवड योग्य आहे. केंद्र शासनाने २०१४ मध्ये त्याच्या आढाव्याची मार्गदर्शिका काढलेली असल्यामुळे तुम्ही काही वेगळे मागत आहात, असेही कोणाला वाटणार नाही. मात्र जागतिक आरोग्य संघटनेचे निकष जसेच्या तसे घेऊ नका. त्यांत अवयव निकामी होण्याची लक्षणे, प्रयोगशाळेतील तपासण्या, पाच किंवा अधिक पिशव्या रक्त द्यावे लागणे अशा गोष्टी आहेत. ज्या ग्रामीण रुग्णालयात रात्री रक्ताची एक पिशवी मिळवताना धावपळ होते, तिथे 'पाच पिशव्या दिल्या' या निकषात मरणासन्न स्त्रीसुद्धा बसणार नाही, आणि जिथे सोय चांगली तिथेच निअर मिस जास्त दिसतील. तुमच्यासाठी आजारावर आधारलेली व्याख्या बरी : तीव्र रक्तस्राव, झटके, जंतुसंसर्ग, गर्भाशय फुटणे, आणि हिमोग्लोबिन ७च्या खाली असताना सुरू झालेल्या बाळंतपणाच्या कळा. शेवटचे मी मुद्दाम घालत आहे, कारण हंगामातील स्त्रियांमध्ये मला ते वारंवार दिसते, आणि ज्या रक्तस्रावातून सुदृढ स्त्री सावरते त्याच रक्तस्रावाने रक्तक्षय असलेली स्त्री दगावू शकते.

प्रत्येक प्रकरणात घड्याळाची वेळ मिळवा. त्रास कधी सुरू झाला, टोळीतून कधी निघाले, पहिल्या दवाखान्यात कधी पोहोचले, तिथून पुढे कधी पाठवले, उपचार कधी सुरू झाला. रक्तस्राव रोखणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड या औषधाचेच पाहा : २१ देशांतील सुमारे वीस हजार स्त्रियांवरील २०१७च्या चाचणीत, बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत इंजेक्शन मिळाले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, आणि तीन तासांनंतर त्याचा उपयोग दिसला नाही. तुमच्या नोंदीतील वेळा या तीन तासांशेजारी ठेवल्या, तर कोणत्याही अधिकाऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

प्रतिसाद : गटप्रवर्तक, बीड जिल्हा

ताई, छेद तुमच्याकडे शोधू नका, आमच्याकडे शोधा. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात. त्या आधी आमच्या आशांकडे गरोदर मातांची नोंद झालेली असते, आणि कोण कोणत्या कारखान्याला गेले हे गावात सगळ्यांना माहीत असते. तुमच्या एक-दोन कारखान्यांना येणारी ठरावीक गावे निवडा, निघताना यादी करा आणि गुढीपाडव्यानंतर माघारी आल्यावर प्रत्येकीची पुन्हा भेट घ्या. माता-बाल संरक्षण कार्ड बऱ्याच जणी पेटीत ठेवून जातात, हरवेल म्हणून; त्याचा फोटो नवऱ्याच्या मोबाईलमध्ये काढून द्यायला सांगा.

प्रतिसाद : लोकाधारित देखरेखीत काम केलेला कार्यकर्ता, फलटण

मुकादमाची परवानगी ही फक्त आवारात शिरण्याची परवानगी आहे, असे समजावे. संमती त्या स्त्रीची, तिच्या एकटीची, आणि नाही म्हणण्याची खरी मुभा असलेली हवी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा परावलंबी गटांसाठी जादा काळजी घेण्यास सांगितले आहे. एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या नीतिसमितीकडे प्रस्ताव दिल्याशिवाय एकही मुलाखत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बीडच्या ताईंनी सुचवल्याप्रमाणे सविस्तर मुलाखत माघारी गेल्यावर, तिच्या स्वतःच्या घरी झाली, तर मुकादमाचा दबाव बराच कमी होईल. हंगामात फक्त वेळा आणि कागद गोळा करावेत. मुलाखत घेताना एखादी आजारी आढळली तर तिला त्याच दिवशी दवाखान्यात कोण नेणार, हेही आधी ठरवून ठेवावे.

कोणापुढे जायचे, याविषयी. मातामृत्यू झाला तर २०१७च्या मार्गदर्शिकेनुसार त्याचा आढावा जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवरही होतो आणि मृत स्त्रीच्या नातलगांना तिथे बोलावून त्यांचे म्हणणे ऐकण्याची तरतूद आहे; टोळीतील स्त्रीचे नातलग तोवर पुढच्या फडावर गेलेले असतात. तुमची पहिली मागणी इथेच आहे. प्रकरणे मांडताना डॉक्टर किंवा परिचारिकेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नका, नाहीतर पुढच्या वर्षी कागदच मिळणार नाहीत. इंग्लंडमध्ये १९५२पासून आणि केरळात २००४पासून मातामृत्यूंची गोपनीय चौकशी याच तत्त्वावर चालते. हक्काची भाषा मात्र सोडू नका. लक्ष्मी मंडल प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये सुरक्षित बाळंतपणाची सेवा हा जगण्याच्या अधिकाराचा भाग मानला, आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्या स्त्रीचा योजनांचा लाभ तुटू नये, हा मुद्दाही त्यात आला. मग एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात आलेल्या स्त्रीला "तुमच्या गावी जा" कसे सांगता येईल?

मूळ धागाकर्ती

डॉक्टर, बीडच्या ताई आणि फलटणचे कार्यकर्ते, आपणा सर्वांची आभारी आहे. छेदाचे उत्तर दुसऱ्या टोकाला आहे, हे आम्हाला सुचलेच नव्हते. आता आम्ही दोन कारखाने आणि त्यांना टोळ्या पुरवणारी मोजकी गावे एवढाच आवाका ठेवणार आहोत, आणि आजारावर आधारलेली व्याख्या घेऊन नीतिसमितीसाठी प्रस्ताव लिहायला घेत आहोत. मागण्याही तीनच ठेवू : गाळप सुरू होण्यापूर्वी टोळ्यांची यादी, गरोदर स्त्रियांच्या वेगळ्या रकान्यासह, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला मिळावी, तपासणीच्या दिवसाचा खाडा कापू नये, आणि परजिल्ह्यातील स्त्रीच्या मृत्यूचा आढावा दोन्ही जिल्ह्यांनी मिळून, नातलगांना फोनवर का होईना सहभागी करून, घ्यावा.

दोन बाबतींत अजून मदत हवी आहे. यांतील बऱ्याच स्त्रिया आधी खासगी दवाखान्यात जातात. तिथून पुढे पाठवल्याची चिठ्ठी आणि वेळ मिळवण्याचा मार्ग कोणी वापरला आहे का? तसेच वेळा नोंदवण्याचा एकपानी तक्ता, टोळीतील जेमतेम लिहिता येणाऱ्या मुलीलाही भरता येईल असा, कोणाकडे तयार असल्यास कृपया इथे द्यावा. आमचा कच्चा तक्ता मी या आठवड्यात टाकते. त्यातील कोणता रकाना काढावा, हे डॉक्टरांनी जरूर सांगावे.