बैठकीत तिरंगा अन् आर्मीचा झेंडा लावायचा आहे, कसा लावू?

कापूसवाला (ता. चिखली, जि. बुलडाणा)
राम राम मंडळी. आमचे थोरले काका गार्ड्समधून (फौजेची 'ब्रिगेड ऑफ द गार्ड्स' ही रेजिमेंट) हवालदार म्हणून रिटायर झाले होते. ते गेले त्याला गेल्या पोळ्याला दोन वर्षं झाली. काकूचं म्हणणं, बैठकीत त्यांच्या फोटोजवळ तिरंगा अन् फौजेचा झेंडा पाहिजे. खोली १२ बाय १०, स्लॅब ९ फुटांवर. ऑनलाइन आर्मीचा झेंडा मागवला तर सॅटिनचा चकचकीत आला, कडेनं सोनेरी झालर, अन् तलवारी अशा छापलेल्या की काकू म्हणे, "हे विळे व्हय का रे बाप्पा?" परत केला. आता केवढा घेऊ? कोणता कोणत्या बाजूला? तिरंग्यावर काकांचं नाव शिवून घेतलं तर चालेल का? अन् हो, बैठकीत सध्या छातीएवढा कापूस भरला आहे, भाव वाढायची वाट पाहतोय.

सुभेदार_निवृत्त
भाऊ, मी महार रेजिमेंटचा, सागरच्या ट्रेनिंग सेंटरला घडलेला. पण कामठीच्या सेंटरवरच्या गार्ड्सवाल्यांशी उठबस होती. "पहला हमेशा पहला" म्हणणारी पलटण ती, त्यांच्या माणसाच्या घरी झेंडा चुकीचा लागू नये म्हणून सविस्तर लिहितो.

नाव शिवायचं अजिबात नाही. तिरंग्यावर कुठलीच अक्षरं चालत नाहीत. फोटोच्या चौकटीखाली पितळी पट्टी लावा, तिच्यावर नाव, हुद्दा, पलटण सगळं येतं.

माप ९०० बाय ६०० मिलिमीटर, म्हणजे ३ फूट बाय २. तुमच्या खोलीला पुरे. आर्मीचा त्याच मापाचा घ्या, मोठा नको. तो लाल असतो, काठीकडच्या वरच्या कोपऱ्यात तिरंगा, दुसऱ्या बाजूला तलवारी अन् वर सिंह. भिंतीवर उभा टांगू नका, तलवारी अन् सिंह आडवे झोपतात. तिरंगा उभा लावला तर केशरी पट्टा पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला आला पाहिजे. आमच्या गावच्या एका कार्यक्रमात तो उलटा लागला होता, अन् मला भाषण मध्येच थांबवून स्टुलावर चढावं लागलं.

दोन्ही काठ्या फुलीसारख्या ठेवणार असाल तर तिरंगा त्याच्या स्वतःच्या उजव्या बाजूला, म्हणजे आपण समोर उभे राहिलो की डावीकडे, अन् त्याची काठी पुढे. आर्मीचा कधीच त्याच्याहून उंच नको.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात. काठीवर किंवा काठीच्या वर हार, फुलं काही नसावं. म्हणून काकांचा फोटो झेंड्यांच्या वर नको, शेजारच्या भिंतीवर घ्या. वर्षश्राद्धाचा हार तिथं खुशाल घाला.

अन् राष्ट्रपतींनी पलटणीला दिलेलं 'निशान' वेगळं, ते युनिटमध्येच राहतं. त्याची नक्कल शिवून घेऊ नका. तुम्हाला साधा आर्मीचा झेंडा पुरे.

खादीप्रेमी (वर्धा)
३० डिसेंबर २०२१ पासून पॉलिस्टरचा अन् मशीनवर शिवलेला तिरंगाही चालतो. पण घरात खादीच घ्या, घडीला छान पडतो. फक्त उंदीर सांभाळा. फिका पडला की पायपुसणं, फडकं करू नका, खासगीत मानानं जाळून टाका.

वऱ्हाडी_बावा
राजेहो, कापूस असेपर्यंत काहून घाई करता? त्या लाल झेंड्यावर रुई बसली की साफ करता करता नाकी नऊ येतात. अन् कापसाच्या खोलीतली खाज तुम्हाले माहीतच हाय.

कापूसवाला
सुभेदारसाहेब, फोटोचं लक्षातच आलं नव्हतं, खिळा वरच ठोकून ठेवला होता. आज काढला. काकूला वाचून दाखवलं तर म्हणे, "झेंडे येऊ दे, पण कापूस विकल्याशिवाय खोलायचे नाहीत." भाव वाढला की फोटो टाकतो.