डिमेन्शिया असलेल्या सासूबाईंसाठी कुठली गाणी लावावी?

फोंड्याची सून: सासूबाईंना अल्झायमर (डिमेन्शियाचाच एक प्रकार) आहे, वय ७८. दिवसभर बऱ्या असतात पण दिवेलागणीला "मला घरी जायचंय" सुरू होतं, आपल्याच घरात असून दाराची कडी काढायला बघतात. यूट्यूबवरचं रिलॅक्सिंग म्युझिक लावलं तर लगेच "बंद कर ते" म्हणाल्या. लग्नाआधी म्हार्दोळच्या देवळात भजनाला जायच्या. गाण्यांनी खरंच फरक पडतो का? मी पण थकलेय आता.

नर्सताई_म्हापसा: पडतो ताई, पण गाणं त्यांचं हवं. साधारण दहा ते तिशीपर्यंत ऐकलेलं सगळ्यात घट्ट बसतं, म्हणजे त्यांची भजनं, नाट्यगीतं, रेडिओवरची तेव्हाची गाणी. जुनी गाणी ओळखणारा मेंदूचा भाग अल्झायमरमध्ये बाकीच्यापेक्षा कमी झिजतो असं २०१५ च्या एका अभ्यासात ब्रेन स्कॅनवर दिसलंय. त्रास सुरू झाल्यावर नको, पाचच्या सुमारासच लावा, टीव्ही बंद ठेवा, मध्येच जाहिरात वाजेल असं काही नको. आणि ऐकू नीट येतं का ते आधी बघा, आवाज वाढवून उपयोग नसतो. एखादं गाणं ऐकून रडायला लागल्या तर ते पुन्हा लावू नका.

डिचोलकर: नुसतं लावू नका, सोबत म्हणा. बाबांना माझं नाव आठवत नाही पण चवथीला आरती सुरू झाली की घुमटावर (आमचं मातीचं वाद्य) हात बरोबर पडतो, तेवढा वेळ मला पण बरं वाटतं, बाकी दिवसभर नुसतं औषध, जेवण, आंघोळ. फिनलंडमध्ये ८९ जोड्यांवर (डिमेन्शियाचा रुग्ण आणि त्याला सांभाळणारा) दहा आठवडे अभ्यास झालेला (२०१४ ला छापून आला), त्यात गाणं म्हणणाऱ्या गटात सांभाळणाऱ्यांनाही बरं वाटलं होतं.

नर्सताई_म्हापसा: अगदी. फक्त गेलेली आठवण परत येईल अशी आशा धरू नका, मूड सुधारतो, अस्वस्थपणा मात्र दरवेळी कमी होईलच असं नाही. आणि तो अचानक वाढला तर डॉक्टरना दाखवा, लघवीचं इन्फेक्शन किंवा बद्धकोष्ठ असू शकतं आणि त्यांना ते सांगता येत नाही.

फोंड्याची सून: थँक्यू दोघांना. त्यांचं आवडतं एकच भजन रोज रोज लावलं तर चालेल ना?

डिचोलकर: चालेल की, त्यांना नको असेल तर चेहऱ्यावर कळेल. तुम्हाला कंटाळा आला की घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी शेजारी बसवा आणि तुम्ही तेवढ्यात बाहेर एक फेरी मारून या.