टोयोटा ८६ ठेवू की विकून मियाटा घेऊ? मदत हवी आहे, जरा लवकर

तिसरा_गिअर
मंडळी, शनिवारी एक मियाटा (माझदाची दोन सीटची एमएक्स-५) बघायला जायचंय, त्याआधी निर्णय हवाय. माझ्याकडे २०१७ ची टोयोटा ८६ आहे, मॅन्युअल, सेकंडहँड घेतलेली. घेतली तेव्हा हौसेने घेतली, आता चालवताना मजा येत नाही. ३५०० ते ४५०० आरपीएमच्या मध्ये इंजिन ढिम्म असतं. वळणावर नाक बाहेर जातं आणि स्टिअरिंगमधून हाताला काही कळत नाही. डोक्यात तीन गोष्टी आहेत. हिच्यावरच खर्च करायचा (हेडर म्हणजे एक्झॉस्टचा इंजिनाला लागून असलेला भाग, ट्यून म्हणजे इंजिनाच्या संगणकातलं सॉफ्टवेअर बदलणं, कॉइलओव्हर म्हणजे उंची बदलता येणारं सस्पेन्शन, किंवा सरळ सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबणारा पंप), नाहीतर विकून २०१९ नंतरची मियाटा, नाहीतर विकून जीआर ८६, म्हणजे हिचीच नवी पिढी. यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळं सांगतो. ज्यांनी खरंच चालवल्यात त्यांनीच सांगा. एसयूव्ही सुचवू नका प्लीज.

बापू_कोथरूड
मियाटा आपल्याकडे अधिकृतपणे विकली जात नाही. बाहेरून जुनी गाडी आणायची तर स्टिअरिंग उजवीकडे हवं आणि गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नको, वर ड्युटी गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. शिवाय सुपरचार्जर वगैरे विसरा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की उत्पादकाच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल चालणार नाही. आरटीओने पकडलं तर गाडी जमा. त्यापेक्षा चांगली ठेवलेली पोलो जीटी टीएसआय शोधा, ताम्हिणीत सुख आहे.

क्लचप्लेट
बापू, भारतात ८६ विकलीच नाही कधी, म्हणजे हे बाहेर असणार. तिसरा_गिअर, देश कुठला? राज्य कुठलं? रोज ऑफिसला हीच गाडी नेता की फक्त रविवारी? आणि सगळ्यात महत्त्वाचं, टायर कोणते आहेत?

हॉर्सपॉवर_हवीच
उत्तर सोपं आहे, सुपरचार्जर. ८६ ची चासी (सांगाडा) अप्रतिम, इंजिन अशक्त, हे जगाला माहीत आहे. मी ह्यूस्टनला राहतो, माझ्या बीआरझेडवर (८६ ची सुबारूची जुळी बहीण) सुपरचार्जरचं किट बसवलंय आणि आता तो ३५०० चा खड्डा जाणवतच नाही. मियाटा घेऊन १८१ हॉर्सपॉवरवर जाणार म्हणजे आहे त्याहून मागे.

मृण्मयी_आर
मागे कसं? २०१७ च्या मॅन्युअल ८६ ला २०५ हॉर्सपॉवर, वजन साधारण १२५० किलो. २०१९ नंतरच्या मियाटाला १८१, वजन साधारण १०६० किलो. भागाकार करून बघा, मियाटा किंचित पुढेच निघते. आणि ते जवळजवळ दोनशे किलो प्रत्येक वळणावर, प्रत्येक ब्रेकला जाणवतात, सरळ रस्त्यावरच नाही. इंजिन ७५०० पर्यंत आनंदाने फिरतं. गिअरचा दांडा मनगटाने हलतो. माझ्याकडे आहे, सॅन डिएगोत रोज वापरते, दुसरी गाडी नको वाटते. फक्त स्टॉक सस्पेन्शनवर बॉडी रोल बराच आहे, पहिल्यांदा बसणारा दचकतो. पण गाडी कलली म्हणून पकड सुटली असं होत नाही, आणि तिचं कलणं हाच तुमच्याशी चाललेला संवाद असतो. तुमची उंची किती? २०१९ पासून स्टिअरिंग पुढेमागे होतं, आधीच्यात फक्त वरखाली व्हायचं. उंच माणसाला हा फरक फार मोठा आहे.

तिसरा_गिअर
मी फ्रीमाँटला, कॅलिफोर्निया. उंची सहा फूट. ऑफिसला दुसरी गाडी आहे, ही रविवारी सकाळी हायवे ९, स्कायलाइन, कधी माउंट हॅमिल्टनला नेतो. हेडरबद्दल कुणीच का बोलत नाहीये?

निनाद_एसजे
मी बोलतो. सॅन होजेत राहतो आणि स्मॉगचं, म्हणजे इथल्या धुराच्या तपासणीचं, प्रकरण जवळून बघितलंय. या इंजिनात पहिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट, धूर स्वच्छ करणारा भाग) हेडरमध्येच असतो. यूट्यूबवर ज्या हेडरने ३५०० चा खड्डा भरतो असं दाखवतात, ते बहुतेक कॅट नसलेले असतात. कॅलिफोर्नियात ते रस्त्यावर बेकायदा आहेत. धुराशी संबंधित कुठल्याही बदललेल्या पार्टला कार्बचा (कॅलिफोर्नियाच्या हवा नियंत्रण मंडळाचा) ईओ नंबर, म्हणजे मान्यतेचा क्रमांक, असला तरच स्मॉगमध्ये पास होतो, आणि टेक्निशियन बॉनेट उघडून डोळ्यांनी तपासतो. जुलै २०२१ पासून तर संगणकातलं सॉफ्टवेअरही तपासतात, ट्यून बदललेला असेल आणि त्याला ईओ नसेल तर नापास. "टेस्टच्या आधी स्टॉक फाइल टाकतो" म्हणणारे भेटतील, त्यांच्या भरवशावर राहू नका. २०१७ ची गाडी नव्या गाड्यांना मिळणाऱ्या आठ वर्षांच्या सवलतीतून बाहेर पडलेली आहे, म्हणजे दर दोन वर्षांनी हे आलंच. सुपरचार्जर घ्यायचा तर ईओ असलेलं किट मिळतं, पण स्टिकरवरचा नंबर आणि त्यात तुमचं मॉडेल वर्ष आहे का, हे कार्बच्या यादीत स्वतः बघून मगच पैसे द्या.

हॉर्सपॉवर_हवीच
टेक्सासला या, हे काही नाही!

श्टुटगार्टकर
इकडे जर्मनीत प्रत्येक बदल ट्युफ या वाहन तपासणी संस्थेकडून तपासून गाडीच्या कागदपत्रांवर चढवावा लागतो, किंवा पार्टबरोबर मान्यतेचं पत्र असावं लागतं. स्प्रिंग बदलल्या तरी. नाहीतर गाडीचा परवानाच रद्द धरतात आणि विमाही अडचणीत येतो. पण त्यामुळे एक चांगलं होतं, लोक विचार करून पार्ट घेतात. इकडे जीटी८६ (८६ चं इकडचं नाव) चालवणारा माझा मित्र स्टॉक इंजिनावर नॉर्डश्लाइफला, म्हणजे न्यूरबुर्गरिंगच्या जुन्या ट्रॅकवर, जातो. २०.८ किलोमीटरची लॅप आहे, सगळा खर्च त्याने ब्रेक आणि टायरवर केलाय. आवाजाच्या नियमांबद्दल नंतर लिहीन, तो विषय मोठा आहे.

क्लचप्लेट
टायर. तिसऱ्यांदा नाही विचारणार.

तिसरा_गिअर
टायर ठीक आहेत हो, पूर्वीच्या मालकाने बसवलेले ऑल-सीझन (बारमाही), ट्रेड (वरची नक्षी) भरपूर शिल्लक आहे. मला इंजिनाबद्दल विचारायचं होतं.

क्लचप्लेट
टायरच्या भिंतीवर डीओटीच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. आणि ट्रेडवेअर नावाचा एक आकडा असतो, जितका मोठा तितका टायर जास्त टिकाऊ. दोन्ही इथे लिहा.

तिसरा_गिअर
२२१८. ट्रेडवेअर ५००.

क्लचप्लेट
म्हणजे २०१८ च्या बाविसाव्या आठवड्यातलं रबर, आणि मुळात जास्त टिकावं म्हणून बनवलेलं. ट्रेड शिल्लक असला तरी रबर इतक्या वर्षांत कडक होतं. नाक बाहेर जाणं आणि हाताला काही न कळणं या दोन तक्रारींचं मूळ तिथे असण्याची शक्यता फार मोठी आहे. सुपरचार्जर लावला तर त्याच टायरांवर जास्त ताकद येईल. आधी चांगले समर टायर, २१५/४५ आर१७ याच मापात. ऑटोक्रॉसला (मोकळ्या मैदानात शंकूंमधून वेळ लावून चालवायची स्पर्धा) जायचा विचार असेल तर २०० ट्रेडवेअरचे, एससीसीए या अमेरिकन स्पोर्ट्स कार क्लबच्या स्ट्रीट क्लासमध्ये त्याहून कमी आकडा चालत नाही. पण ते झिजतात लवकर आणि थंडीत सकाळी सांभाळून चालवावे लागतात. मग फोर-व्हील अलाइनमेंट. ८६ ला पुढे मॅकफर्सन स्ट्रट (सस्पेन्शनचा एक प्रकार) आहेत, कंपनीकडून कॅम्बर (चाकाचा उभा कल) बदलायची सोय नाही, पण कॅम्बर बोल्ट अगदी स्वस्त मिळतात. पुढे निगेटिव्ह (चाक वरून आत कललेलं) दीड डिग्री, टो (चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असणं) शून्य. मग ब्रेक फ्लुइड. कंपनी डॉट ३ भरते, नव्या डॉट ३ चा उकळबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, डॉट ४ चा २३०. माउंट हॅमिल्टनचा लांब उतार असेल तर हा फरक पायाला कळतो.

मृण्मयी_आर
टायरबद्दल सहमत, २०० ट्रेडवेअरबद्दल अजिबात नाही. टोयोटाने ही गाडी मुद्दाम मिशेलिनच्या कमी पकडीच्या प्रायमसी एचपी टायरांवर आणली, कारण मुख्य अभियंता तेत्सुया तादांना कमी वेगातही मागची चाके जरा सरकायला हवी होती. रस्त्यावर मजा त्यातच आहे. इतकी पकड दिली तर गाडी काही बोलायला लागेपर्यंत तुम्ही रस्त्यावर नसावं अशा वेगात असता. हायवे ९ वर समोरून सायकलवाले येतात.

क्लचप्लेट
मुद्दाम कमी पकडीचा नवा टायर वेगळा आणि जुनाट कडक टायर वेगळा, मृण्मयी. पहिला हळूहळू सुटतो आणि आधी सांगतो. दुसरा अचानक सुटतो, ओल्यात तर फारच. पण मान्य, फक्त रस्त्यासाठी मधले समर टायर पुरेत. २०० चे ऑटोक्रॉसवाल्यांना.

हॉर्सपॉवर_हवीच
टायर टायर काय चाललंय. माणूस म्हणतोय पाय दाबला तर काही होत नाही. टायर बदलून टॉर्क (इंजिनाची ओढ) वाढतो का?

निनाद_एसजे
नाही वाढत. पण त्याला पर्याय ३ उत्तर आहे. जीआर ८६ मध्ये २.४ लिटरचं इंजिन आलं, २२८ हॉर्सपॉवर आणि १८४ पाउंड-फूट टॉर्क तोही ३७०० आरपीएमला. जुन्या इंजिनात कमाल टॉर्क साडेसहा हजारांच्या आसपास मिळायचा. म्हणजे बरोबर त्याच खड्ड्यात आता डोंगर आहे. एकही पार्ट न बदलता, स्मॉगची भानगड नाही, वर वॉरंटी. सुपरचार्जर, क्लच, फिटिंग यांचा खर्च आणि गाडी बदलण्यातला फरक कागदावर शेजारी शेजारी मांडा. आणि तोपर्यंत जुनीला वळणाआधी एक गिअर खाली घ्या, ५००० च्या वर ती वेगळीच गाडी असते.

शलाका_पी
एक विचारू का? घरात लहान मूल आहे का? कारण मियाटाला मागची सीटच नाही.

तिसरा_गिअर
मुलगी चार वर्षांची आहे. पण ही गाडी फक्त माझ्यासाठी आहे.

शलाका_पी
आज आहे. आमच्याकडे "फक्त माझी" असलेली गाडी मुलाने दोन रविवारांत बळकावली. तिला तुमच्याबरोबर यायचं असणार, आणि यावंही. कॅलिफोर्नियात आठ वर्षांखालचं मूल मागच्या सीटवर बसवावं लागतं, मागची सीटच नसेल तरच पुढे चालतं. ८६ ची मागची सीट मोठ्या माणसाला निरुपयोगी असली तरी चार वर्षांच्या मुलीला पुरते. चाइल्ड सीट लावली की तिच्यापुढची सीट पुढे सरकवावी लागेल, म्हणून ती पॅसेंजरच्या मागे लावा. सहा फुटांच्या माणसाच्या मागे बसणार नाही.

बापू_कोथरूड
हे सगळं वाचून छान वाटलं. माझ्या पुतण्याला आय२० एन लाइन आणि सेकंडहँड अबार्थ पुंटो यात निवडायचंय, कुणी सांगेल का? अबार्थ १४५ बीएचपी आहे पण पार्ट मिळतील का ही काळजी.

क्लचप्लेट
बापू, नवा धागा काढा, मी येतो तिथे. अबार्थबद्दल लिहायला खूप आहे, हायड्रॉलिक स्टिअरिंगचं सुख आता नव्या गाड्यांत मिळत नाही.

श्टुटगार्टकर
तिसरा_गिअर, वळणात शिरताना ब्रेक कधी सोडता? सरळ रस्त्यावर पूर्ण सोडून मग स्टिअरिंग वळवत असाल तर पुढचं वजन उठतं आणि नाक बाहेर जातं, टायर कुठलाही असो. ब्रेक हळूहळू सोडत वळा. हे आधी रिकाम्या पार्किंगमध्ये किंवा ऑटोक्रॉसला करून बघा, डोंगरात नको.

तिसरा_गिअर
बायकोला शलाकाताईंचा मुद्दा वाचून दाखवला, ती म्हणाली बघ, मी हेच म्हणत होते. मियाटावाल्याला शनिवारचं नाही म्हटलं नाहीये, चालवून तर बघणारच, आणि त्याच दिवशी शोरूममध्ये जीआर ८६ पण. टायरची ऑर्डर दिली, मधले समर. अलाइनमेंटवाला म्हणतोय कॅम्बर बोल्ट लावून पुढे दीड डिग्री सहज होईल. मागे किती सांगू?

क्लचप्लेट
मागचा कॅम्बर कंपनीचाच राहू दे, टो फक्त दोन्ही बाजूंना सारखा आणि किंचित आत करून घ्या. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही प्रिंटआउट मागून घ्या आणि आकडे इथे टाका. नवे टायर पहिले दीडदोनशे मैल हळू चालवा, वरचा गुळगुळीत थर जाऊ दे.

हॉर्सपॉवर_हवीच
आणि जीआर ८६ चालवलीत की ३७०० ला पाय दाबून बघा. मग बोलू.