चर्चा: ‘बायांनी दीड हजारात मत विकलं’ हे म्हणणं आता थांबवा

उमरेड रोड (धागाकर्ता)

नागपुरात 2024 च्या विधानसभेचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. धरमपेठेतल्या शिकल्या-सवरल्या माणसाकडून येतं, कळमन्याच्या यार्डातल्या अडत्याकडूनही येतं: गावातल्या बायांनी दीड हजारात मत विकलं. मला हे वाक्य अपमानाचं वाटतं. त्याहून मोठी अडचण अशी की ते आकड्यांशी जुळत नाही.

2024 च्या लोकसभेत विदर्भातल्या 10 पैकी 7 जागा महाविकास आघाडीला गेल्या. महायुतीकडे नागपूर, अकोला आणि बुलडाणा एवढंच उरलं. 23 नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल लागला तेव्हा त्याच विदर्भातल्या 62 पैकी तीन चतुर्थांशांहून जास्त जागा महायुतीच्या खात्यात होत्या. मध्ये साडेपाच महिने आणि बायांच्या खात्यात महिन्याला दीड हजार देणारी लाडकी बहीण योजना. म्हणून लोकांनी सोपा निष्कर्ष काढला.

पण थोडं मागे जा. 2014 ला भाजपनं विदर्भात 44 जागा घेतल्या आणि 2019 ला त्या 29 वर आल्या. तेव्हा कोणाच्या खात्यात दीड हजार येत नव्हते. काटोल घ्या. 2014 ला आशिष देशमुखांनी भाजपकडून काका अनिल देशमुखांना पाडलं, 2019 ला काका परत आले, 2024 ला त्यांचा मुलगा पडला आणि भाजपचे चरणसिंग ठाकूर निवडून आले. तीन निवडणुकांत तीन निकाल. आणीबाणीनंतर 1977 ला उत्तर भारतात काँग्रेस वाहून गेली तरी विदर्भातल्या बहुतेक जागा इंदिरा गांधींसोबत राहिल्या होत्या. तो विदर्भ आता नाही. आजचा ग्रामीण मतदार कोणाच्याच घरचा नाही, दर वेळी नव्यानं मांडणी करतो. त्याला ‘विकला गेला’ म्हटलं की त्याच्या दारात जायची जबाबदारी आपोआप टळते.

आणि दीड हजार लाच असेल तर आघाडीनं महालक्ष्मी योजनेत कबूल केलेले 3000 काय होते?

गावातल्या ग्राहक सेवा केंद्रावर महिन्याच्या त्या दिवशी जाऊन पाहा. अंगठा मशीनवर ठेवायचा, उमटला नाही तर पदराला पुसून परत ठेवायचा. निंदणानं आणि कापूस वेचून बोटांच्या रेघा झिजलेल्या असतात, दोनतीनदा प्रयत्न करावा लागतो. मग पैसे हातात येतात आणि ती ते स्वतः मोजते. किराण्याची उधारी, पोरीची ट्युशन, दवाखाना. नवऱ्याला विचारायचं काम नाही. ज्या बाईच्या नावावर सातबारा नाही तिच्यासाठी ही काय गोष्ट आहे, हे समजून न घेता तिला विकाऊ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

हिंगण्याचा सोयाबीनवाला

भाऊ, अपमानाचं म्हणता ते मान्य. पण ‘मांडणी करतो’ हे मले पटलं नाही. मांडणीच केली असती तर सोयाबीन त्यात काहून दिसत नाही?

त्या हंगामात हमीभाव होता 4892 रुपये. बाजारात चार हजाराच्या आसपास मागत होते, त्यातही ओलावा दाखवून, माती-काडी दाखवून कापत होते. सरकारी खरेदी केंद्रावर 12 टक्क्यांच्या वर ओलावा असला की गाडी परत. आमचा माल पावसात भिजलेला, 12 कुठून आणावा? 15 टक्क्यांपर्यंत चालेल म्हणून केंद्रानं ढील दिली ती मतदानाच्या चारपाच दिवस आधी. तोवर ज्याले दिवाळी करायची होती, दुकानदाराचं खत-औषधाचं देणं द्यायचं होतं, त्यानं माल विकून टाकला होता.

आता तुमचीच मांडणी करू. वीस क्विंटल सोयाबीन, क्विंटलमागं 900 रुपये कमी. झाले 18 हजार. महिन्याला दीड हजार म्हणजे वर्षाचे किती? 18 हजार. एका हातानं दिले ते दुसऱ्या हातानं काढून घेतले, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. सोयाबीनला 6000 देऊ म्हणाले होते. कर्जमाफी करू म्हणाले होते. ऑक्टोबर 2025 मध्ये बच्चू कडूंच्या आंदोलनात शेतकरी ट्रॅक्टर घेऊन नागपुरात आले, वर्धा रोड जाम झाला, तेव्हा कुठं कर्जमाफीचा निर्णय 30 जून 2026 च्या आत घेऊ असं उत्तर आलं. आणि ज्या माणसानं हे आंदोलन केलं त्याले अचलपूरमध्ये 2024 ला लोकांनीच पाडलेलं.

विकलं म्हणत नाही मी. फसलो म्हणतो. दोन्हीत फरक आहे, पण तुम्ही म्हणता तसा शहाणपणाही त्यात नाही.

उमरेड रोड

तुमचे 18 हजार मला पूर्ण मान्य. पण ते गेले कोणाचे आणि आले कोणाला? सोयाबीन विक्रीची पट्टी (पावती) फाटते ती ज्याच्या नावावर शेत आहे त्याच्या नावानं. दीड हजार येतात बाईच्या खात्यात. कुटुंबाची बेरीज शून्य झाली असेल, घरातली वाटणी तर बदलली. आणि जिच्या घरी शेतच नाही, जी तुमच्याच वावरात रोजीनं येते, तिच्या वहीत सोयाबीनचा तोटा कसा लिहिला जाईल? तिच्यापुरते ते 18 हजार निव्वळ जमा आहेत. शेतकरी आणि शेतमजूर यांची एकच वही आहे असं धरून आपण बोलतो, तिथंच गाडी अडते.

हिंगण्याचा सोयाबीनवाला

भाव पडला की तिची रोजी पण पडते ना जी. मी सोयाबीन सोडून तूर पेरली, नाहीतर वावर पडीत टाकलं, तर तिला निंदाले कोण बोलावणार? वही एक नसंल, विहीर एकच आहे.

कोर्टाबाहेरचा

दोघंही पैशावर अडकलात. विदर्भातली निवडणूक तिकीटवाटपात अर्धी ठरते आणि तिकीटवाटप जातीवर ठरतं. ऐकायला आवडत नाही, पण उघड आहे.

2019 ला भाजपनं कामठीतून चंद्रशेखर बावनकुळेंचं तिकीट कापलं. तेली समाजात नाराजी गेली आणि तिचा फटका एका कामठीपुरता राहिला नाही. 44 च्या 29 होण्यात तो एक मोठा भाग होता, हे भाजपवाले स्वतः बोलतात. 2024 ला तेच बावनकुळे प्रदेशाध्यक्ष म्हणून रिंगणात होते. लोकसभेत संविधान बदलणार या भीतीनं दलित आणि मुस्लिम एकगठ्ठा आले, वरून कुणबी मत मिळालं आणि रामटेक, भंडारा-गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, अमरावती काँग्रेसकडे गेलं. विधानसभेत ती मोळी सुटली. संविधानाचा प्रश्न दिल्लीचा होता, राज्याच्या निवडणुकीत तो तेवढा धारदार राहिला नाही. उलट लहान लहान ओबीसी जाती दुसऱ्या बाजूला गोळा झाल्या. संघाच्या लोकांनी मधल्या महिन्यांत घरोघरी बैठका घेतल्या. काँग्रेस मात्र मुख्यमंत्री कोण होणार यावर भांडत होती.

रामटेकमध्ये तर लोकसभेला 75 हजारांहून जास्त मतांनी जिंकलेल्या काँग्रेसला विधानसभेला जागाच मिळाली नाही. ती ठाकरे सेनेला सुटली, काँग्रेसचे राजेंद्र मुळक बंडखोर म्हणून उभे राहिले आणि शिंदे सेनेचे आशिष जयस्वाल निवडून आले. यात मतदाराची कोणती मांडणी होती? समोर जे ताट वाढलं त्यातलंच तो जेवला.

कामठी लाइन

मतदारानं काय केलं यावर बोलण्याआधी मतदार कोण होते यावर बोला. राहुल गांधींनी जून 2025 मधल्या लेखात कामठीचेच आकडे दिले होते. काँग्रेसची मतं लोकसभेला 1.36 लाखांच्या आसपास, विधानसभेला 1.34 लाख. म्हणजे जवळपास तेवढीच. महायुतीची 1.19 लाखांवरून 1.75 लाखांवर. माणसं फिरली असती तर काँग्रेसची कमी झाली असती ना? ही वरची मतं नवीन नोंदलेल्या नावांची आहेत असा आरोप आहे. यादी तपासता येईल अशा स्वरूपात द्या म्हटलं तर देत नाहीत. डिसेंबर 2024 मध्ये नियम बदलून मतदान केंद्रांच्या सीसीटीव्हीवरही बंधनं घातली. लपवायचं नसेल तर नियम कशाला बदलला?

उमरेड रोड

आरोप निवडणूक आयोगानं फेटाळला आहे हेही सोबत सांगा. मतदान वाढलं हे खरं आहे. लोकसभेला राज्यात 61 टक्क्यांच्या पुढे गेलं, विधानसभेला 66 टक्के झालं. जी माणसं, विशेषतः ज्या बाया, लोकसभेला घरी राहिल्या त्या विधानसभेला बाहेर पडल्या तरी काँग्रेसची मतं तेवढीच राहून समोरच्याची वाढू शकतात. त्यासाठी बनावट नावंच लागतात असं नाही.

यादी खुली करा ही मागणी मात्र शंभर टक्के बरोबर. मतदार यादी ही कोणाची खासगी वही नाही. ती संगणकावर तपासता येईल अशी मिळाली पाहिजे, सत्तेत कोणीही असो. पण साकोलीत काँग्रेसचे नाना पटोले 208 मतांनी जिंकले. एवढ्या कमी फरकाची जागा विरोधी पक्षाच्या तेव्हाच्या प्रदेशाध्यक्षाकडे राहते, तेव्हा सगळा निकालच बनावट आहे हे म्हणणं मला जड जातं.

कामठी लाइन

एक जागा राहिली म्हणून बाकीच्या स्वच्छ ठरत नाहीत. प्रत्येक बूथची वाढ वेगळी तपासा, मग बोलू.

भिवापूरची

इतका वेळ वाचून राहिली. दीड हजारावाल्या बाईवर सगळे बोलले, तिला कोणी विचारलं नाही. मी त्यातलीच एक.

माझी आई मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवून खुडतात त्या जागी, देठं खुडायची, मीही खुडली. संध्याकाळी हात भाताच्या घासालासुद्धा चालत नाहीत, इतकी आग होते. पगार किलोवर. आमच्या उमरेड मतदारसंघात योजनेचे पैसे घरोघरी आले, आणि तरी इथून काँग्रेसचे संजय मेश्राम निवडून आले. म्हणजे आम्ही पैसे घेतले आणि आपल्या मनानं मत दिलं. आमच्या गल्लीत दोन्हीकडे मतं गेली, घराघरात वेगळी गेली. पैसे सरकारच्या तिजोरीतले आहेत, कोणा पक्षाच्या खिशातले नाहीत, हे आम्हाला कळतं. हे एकच उदाहरण ‘विकलं’ म्हणणाऱ्यांना पुरे व्हावं.

पण धागाकर्ते दादा, तुमचंही मला सगळं पटलं नाही. तुम्ही त्या दीड हजाराचं फार कौतुक केलं. नवऱ्याला विचारावं लागत नाही, खरं आहे. पण त्या पैशानं सातऱ्यावरचा दर वाढला नाही. उलट ‘आता तुम्हाला सरकार देतेच ना’ हे मालकाच्या तोंडून ऐकलं आहे. 2100 करू म्हणाले होते. मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात ते आले नाहीत. नंतर ई-केवायसी निघाली, ओटीपीसाठी मोबाइल नवऱ्याच्या नावावर, कोणाचा नवरा वारलेला, कोणाचा बाप नाही, त्या बाया केंद्रावर चकरा मारून थकल्या. निवडणुकीच्या आधी अर्ज घ्यायला अंगणवाडी ताई घरी येत होती. निवडणूक झाल्यावर कागद घेऊन आम्ही फिरलो. याला मान देणं म्हणत नाहीत.

आणि हिंगण्याच्या भाऊंना सांगते, सोयाबीनचा भाव आमच्या वहीत आहे. सोंगणीचा गुत्ता, म्हणजे कापणीच्या ठेक्याचा दर, भाव पाहूनच ठरतो. पण तुमच्या मोर्चात रोजीचा प्रश्न कधी घेतला का? कर्जमाफी सातबाऱ्यावर येईल. माझ्या नावावर सातबारा नाही.

वेगळा विदर्भ

विदर्भ महाराष्ट्रात घ्यायचं ठरलं त्या 1953 च्या नागपूर करारापासून हेच चालू आहे. विदर्भ विकास मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली, कोणीही जिंकलं तरी ते परत आलं नाही. स्वतःचं राज्य असतं तर सोयाबीन हाच निवडणुकीचा पहिला प्रश्न असता.

कोर्टाबाहेरचा

भाजपनं 1997 ला भुवनेश्वरमध्ये वेगळ्या विदर्भाचा ठराव केला होता. त्यानंतर किती निवडणुका त्या प्रश्नावर झाल्या? वेगळा धागा काढा, तिथं बोलतो.

हिंगण्याचा सोयाबीनवाला

भिवापूरच्या ताई, मोर्चात रोजीचा प्रश्न नव्हता, हे खरं. घ्यायला हवा होता. पण एक सांगतो, मजुरी वाढवायची तर आमच्या हातात आधी भाव आला पाहिजे. 4892 कागदावर आणि 4000 हातात, यात मी तुम्हाला कुठून वाढवून देऊ? तुम्ही आणि आम्ही सरकारकडे वेगवेगळ्या रांगेत उभे राहिलो की त्यायले सोपं जाते.

भिवापूरची

मग 30 जूनच्या आधी जी बैठक घ्याल तिच्यात मजुरीचा दर हा एक विषय लिहून ठेवा. बायांना संध्याकाळी सातनंतर बोलवा. दिवसा आम्ही कामावर असतो.

उमरेड रोड

ताई, तुमचा ई-केवायसीचा मुद्दा मी वेगळा मांडायला हवा असं वाटतं, तो इथं चर्चेत हरवेल. ज्यांचा हप्ता या कारणानं थांबला त्यांनी तालुका आणि अडचण काय आली एवढंच खाली लिहा. नाव, आधार नंबर, मोबाइल नंबर इथं टाकू नका.