लामा थुंकण्याआधी काय इशारा देतो?

कुरणकाठ:
मेंढ्यांच्या राखणीला ठेवलेल्या लामांमध्ये (उंटाच्या कुळातले लोकरी प्राणी) रोज वावरायचं आहे. कान मागे गेले की तो चिडला, असं सगळे सांगतात. पण निवांत चरतानाही कान मागेच दिसतात. मग ओळखायचं कशावरून? शिवाय त्यांत बाटलीवर वाढलेला 2 वर्षांचा नर आहे. माणूस दिसला की येऊन छातीने ढकलतो. हे लाडात येणं समजायचं का?

चारापाणी:
कानांबरोबर हनुवटी बघा. निवांत असताना कान मागे असले तरी सैल असतात. चिडला की ते मानेला चपटे चिकटतात आणि हनुवटी वर चढते. नाक आभाळाकडे गेलं म्हणजे शेवटचा इशारा. तिथेच थांबा, नजर वळवा, दोन पावलं मागे या. पहिल्यांदा बहुधा हवा, लाळ आणि तोंडातला चारा उडतो. तरी हटला नाहीत, तर पोटाच्या पहिल्या कप्प्यातला हिरवा, आंबट वासाचा चोथा येतो. तो त्यालाही नकोसा असतो: नंतर खालचा ओठ लोंबतो, तोंड उघडं राहतं, काही वेळ खाणंही सुटतं. त्यामुळे माणसावर उगाच कोणी थुंकत नाही. बहुतेक थुंकाथुंकी आपसात, चाऱ्यावरून होते आणि मध्ये उभा असलेला माणूस सापडतो. गव्हाणी लांब लांब ठेवा, चारा टाकला की बाजूला व्हा.

दावं_खुंटा:
त्या नराचं मनावर घ्या, ते लाड नाहीत. माणसांतच वाढलेला नर माणसाला आपल्यातला समजतो आणि वयात आला की प्रतिस्पर्धी मानतो. छातीची धडक, मानेने दाबणं, पायाला चावा. नर एकमेकांशी असेच भांडतात. पूर्ण वाढलेला लामा 130 ते 200 किलोंपर्यंत भरतो. नराला लढाईचे सुळेही येतात, वर दोन्ही बाजूंना दोन-दोन, खाली एक-एक. एकट्याने आत जाऊ नका, त्याला पाठ दाखवू नका, मुलांना तर अजिबात जवळ जाऊ देऊ नका. पशुवैद्याकडून सुळे बोथट करून घ्या आणि खच्चीकरणाचं विचारा. पण सवय मुरली असेल तर नुसत्या खच्चीकरणाने ती जात नाही.

कुरणकाठ:
पिल्लांमध्ये हे आधी कळतं का?

दावं_खुंटा:
हो. मान खाली, शेपटी पाठीवर उलटी, पाय किंचित वाकलेले: कळपात पिल्लू मोठ्यांपुढे असं नमतं. तेच माणसापुढे करू लागलं की कौतुक आणि कुरवाळणं बंद करा, त्याला इतर लामांमध्ये सोडा. बाटली लागलीच तर दूध पाजा आणि लगेच निघा.

चारापाणी:
एक राहिलं. तोंडाला हात लावू नका, खांद्याच्या बाजूने जा. लाथ मागच्या पायाची असते, पण ती बाजूलाही बसते. आणि मादी नरावर थुंकून त्याला हाकलत असेल, तर तिला वाईट खोड लागली असं समजू नका. बहुधा ती गाभण असते.