तिसरा ट्रान्सफॉर्मर, जुनी पॅनल आणि सुपरकंडक्टर लिमिटर

जगबुडीकाठ: खेडजवळच्या एका कारखान्यात मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघते. 33/11 केव्हीचे 10 एमव्हीएचे दोन ट्रान्सफॉर्मर, इम्पीडन्स (करंटला आतला अडथळा) 8.35 टक्के. 11 केव्हीची पॅनल जुनी, 13.1 केए (हजार अँपिअर) फॉल्ट सोसणारी. दोन्ही पॅरलल धरले तर बसवर (वीज वाटणाऱ्या सामायिक पट्ट्यांवर) फॉल्ट, म्हणजे शॉर्टसर्किटचा करंट, साडेबारा केए, जेमतेम बसतो. आता तिसरा येतोय, म्हणजे 19 केए. मागच्या आषाढात केबल बॉक्समध्ये पाणी शिरून फ्लॅशओव्हर (ठिणगी उडून शॉर्ट) झाला, तेव्हा बसबारचे सपोर्ट इन्सुलेटर तडकलेले मी स्वतः पाहिलेत. आमचा हेल्पर चार पावलांवर उभा होता. सगळी पॅनल बदलण्याऐवजी बस कपलरमध्ये (दोन बस जोडणाऱ्या स्विचमध्ये) सुपरकंडक्टर लिमिटर, म्हणजे फॉल्टचा करंट आवरणारं उपकरण, चालेल का?

पोफळी_निवृत्त: ताई, जागा अगदी बरोबर शोधलीत, कपलरच. इन्सुलेटर तडकतात ते करंटच्या पहिल्या पीकने (शिखराने), कारण बल करंटच्या वर्गाने वाढतं. ब्रेकर उघडेपर्यंत ते पीक होऊन गेलेलं असतं. लिमिटर मात्र पहिल्या अर्ध्या सायकलमध्येच, म्हणजे 10 मिलिसेकंदांच्या आत काम करतो. एरवी त्याचा रोध जवळपास शून्य. करंट मर्यादेपलीकडे गेला की पदार्थाचं सुपरकंडक्टरपण जातं आणि रोध आपोआप उभा राहतो, रिलेची वाट बघावी लागत नाही. त्याऐवजी रिॲक्टर (करंट आवरणारी कॉइल) घातलात तर व्होल्टेज ड्रॉप रोजचाच. जर्मनीत एसेन शहरात 2014 साली 10 केव्हीच्या एक किलोमीटर सुपरकंडक्टर केबलबरोबर असा लिमिटर बसवला होता.

पण तुमच्या हिशेबात मोटरी नाहीत. फॉल्टच्या सुरुवातीला त्याही करंट देतात. साडेबारानंतर उरलेला अर्धा केए त्यातच संपेल. दोन ट्रान्सफॉर्मर एका बसवर ठेवून तिसऱ्याच्या कपलरला लिमिटर लावलात, तरी तुमचं पॅनल सुरक्षित नाही. आधी तिन्हींच्या बस वेगळ्या करा.

साखरीनाटे: थंडाव्याचंही बघा. द्रव नायट्रोजन उणे 196 अंशांवर ठेवायचा, कूलर रात्रंदिवस चालू. फॉल्टनंतर लिमिटर परत थंड व्हायला वेळ लागतो. वादळात आमच्याकडे चार चार दिवस लाइट नसते, तेव्हा कूलर जनरेटरवर घ्यावा लागेल.

जगबुडीकाठ: मोटरी खरंच धरल्या नव्हत्या, आज परत मांडते. तीन बस वेगळ्या, कपलर उघडे, ऑटो चेंजओव्हर (एक ट्रान्सफॉर्मर गेला की त्याची बस आपोआप दुसऱ्यावर घेणारी सोय), असं साहेबांना सांगते. गणपतीत पाच दिवस शटडाउन मिळतो, तेवढ्यात एक सेक्शन तरी होईल. लिमिटरचा प्रस्ताव पुढच्या वर्षी मांडेन, सोडणार नाही.