आईवडिलांचं घर रिकामं करायचंय, वस्तू कुठे द्याव्यात? (पुणे)

नमस्कार मंडळी,

सदाशिव पेठेतली आमची सोसायटी पुनर्विकासाला चाललीय. महिनाअखेर किल्ली बिल्डरकडे द्यायची आहे. दोन खोल्या, एक माळा आणि त्यात ४६ वर्षांचा संसार. आई दोन वर्षांपूर्वी गेली. बाबा ८२ वर्षांचे आहेत, ते आता आमच्याकडे डोंबिवलीला येतील. आमचं घर वन बीएचके, त्यामुळे दोन बॅगा, देव आणि आईचं शिलाई मशीन, यापलीकडे काही मावणार नाही.

माळ्यावरून आतापर्यंत खाली उतरलेलं: कापसाच्या नऊ गाद्या (पाहुण्यांसाठी!), तांब्याचा बंब, घंगाळं, पितळी पराती, स्टीलची ५० ताटं, आजीची लुगडी आणि आईच्या साड्या दोन ट्रंका भरून, दिवाळी अंक, माझं सातवीचं भूगोलाचं पुस्तक, आईच्या आजारपणातला वॉकर, कमोडची खुर्ची, हवेची गादी. एका पत्र्याच्या डब्यात मोडी लिपीतले कागद निघाले, ते बाबांनाही वाचता येत नाहीत. शिवाय श्रीखंडाचे रिकामे डबे, ३७. मोजले मी.

भंगारवाल्याला फोन केला तर दुपारपर्यंत घर मोकळं होईल, हे मलाही कळतं. पण 'भंगार' म्हटलं की बाबा गप्प होतात आणि उठून गॅलरीत जातात. विकायचं नाही, कुणाच्या तरी उपयोगी पडू दे, एवढंच त्यांचं म्हणणं.

म्हणून गेल्या शनिवारी चार गोण्या कपडे एका आश्रमात नेले. तिथल्या ताईंनी एक गोणी उघडली, वरचे दोन कपडे पाहिले आणि हात जोडले. "दादा, असं पोतं रोज येतं हो. त्यापेक्षा साबण, डाळ, मोठ्यांचे डायपर आणाल का?" गोण्या रिक्षातून परत. मी भयंकर चिडलो होतो. घरी येऊन गोणी उपसली तर विरलेले बनियन आणि बटणं तुटलेले शर्ट. २०२१च्या पुरानंतर चिपळूणला मावसभावाकडे मदतीला गेलो होतो, तेव्हा शाळेच्या ओट्यावर असलेच कपड्यांचे ढीग भिजत पडलेले पाहिले होते. लोक फावडी आणि झाडू मागत होते. तेव्हा देणाऱ्यांना मनातल्या मनात नावं ठेवली होती!

तर कोण काय खरोखर घेतं? आणि वस्तू दिल्याची पावती मिळाली तर आयकराच्या ८०जी कलमाखाली सवलत मिळते का, असं भावाने विचारलंय.

प्रतिसाद
भावाला सांगा, ८०जी फक्त पैशांच्या देणगीला. वस्तूंच्या पावतीचा करासाठी उपयोग नाही, आणि रोख दिलेत तरी २००० रुपयांच्या वर सवलत नाही.
कपड्यांसाठी 'गूंज' या संस्थेचं पुण्यातलं केंद्र शोधा. १९९९ पासून हेच काम करतात. गावात लोक विहीर, रस्ता असं काही काम करतात आणि त्याचा मोबदला म्हणून हे सामान दिलं जातं, त्यामुळे कुणाला भीक घेतल्यासारखं वाटत नाही. बाबांना हे आवडेल. सुती लुगडी जरूर द्या, पण धुऊन, वाळवून. बनियन फरशी पुसायला.

प्रतिसाद
मोडी कागद आधी बाजूला काढा! भारत इतिहास संशोधक मंडळ तुमच्याच पेठेत आहे, १९१० पासून. जाऊन दाखवा. नुसती जमिनीची कागदपत्रं निघतील कदाचित, पण ते वाचणाऱ्याला ठरवू द्या. तोवर चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. घड्या जबरदस्तीने उलगडू नका.
दिवाळी अंकांची वर्षवार यादी करून वाचनालयाला आधी फोन करा. न विचारता पोतं नेऊन टाकलं तर पुन्हा आश्रमासारखंच होईल. भूगोलाचं पुस्तक रद्दीत, माफ करा.

प्रतिसाद
वॉकर, खुर्ची, हवेची गादी रुग्णसाहित्य केंद्रात द्या. अनामत घेऊन गरजूंना वापरायला देतात, काम झालं की परत घेतात. गादीचा पंप चालतोय ना ते पाहा. उरलेली औषधं मात्र कुणाला देऊ नका.
तांब्यापितळेबद्दल माझं मत वेगळं आहे. बंब घेऊन कुठला आश्रम काय करणार? मोडीत घाला आणि त्या पैशांचे डायपर घ्या. स्टीलची ताटं वसतिगृहाला चालतात, पण एकसारखी असतील तर.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. काल बाबांना घेऊनच वॉकर द्यायला गेलो. तिथे एक गृहस्थ बायकोसाठी वॉकरच न्यायला आले होते. बाबांनी त्यांना उंची कमीजास्त करायची बटणं दाखवली, मग एक पाय जरा अडतो तो कसा ओढायचा तेही. वीस मिनिटं चाललं होतं. परत येताना रिक्षात स्वतःहून म्हणाले, बंब मोडीत घाल, पण तोलताना मी येणार.
मोडी कागद सोमवारी दाखवतोय. गाद्यांबद्दल मात्र कुणीच काही लिहिलं नाही. कापूस चांगला आहे, पिंजून नव्या होतील. पण आता पिंजारी कुठे मिळतो? शुक्रवारी टेम्पो सांगितलाय, त्याआधी कळलं तर बरं.